पाप आणि गुन्हा

धर्मपीठ ज्याला पाप म्हणते त्याला सरकारने गुन्हा म्हणून शासन करावे काय, या प्रश्नाचा निवाडा इंग्लंडने चार शतके रेंगाळत ठेवला. आठव्या हेन्रीच्या अमदानीत, १५३३ साली, तोवर धर्मन्यायालयांच्या अखत्यारीत असलेले पुरुषांमधील समलिंगी संबंधांचे प्रकरण पार्लमेंटने राजाच्या अदालतीकडे सोपविले आणि त्यास देहान्ताची सजा मुक्रर केली. ती अखेर १८६१ साली रद्द झाली.

१९५४ साली सर जॉन वुल्फेंडन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९५७ च्या अहवालात, प्रौढ पुरुषांमधील खासगी व परस्परसंमत संबंध गुन्हा मानू नयेत, अशी शिफारस केली. मला विशेष मोलाचे वाटते ते हे की, अशा संबंधांना पापच मानणारे कँटरबरीचे आर्चबिशप मायकेल रॅम्से यांनी, उमरावांच्या सभागृहात मात्र, पाप आणि गुन्हा यांतील भेद ओळखून कायद्याच्या सुधारणेस पाठिंबा दिला. आपल्या श्रद्धेला तिळमात्र न सोडता दुसऱ्याच्या स्वातंत्र्याची कदर करणे, हे धैर्य थोरच होय.

२७ जुलै १९६७ रोजी कायदा बदलला. परंतु एकवीस वर्षांखालील पुरुषांना व सैनिकांना त्याने वगळले, आणि स्कॉटलंडला १९८० पर्यंत तिष्ठत ठेवले. इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत हिंदुस्थानच्या माथी मारलेले, अशाच संबंधांना गुन्हा ठरविणारे ३७७ वे कलम मात्र, मुंबईच्या अदालतींतही अंमल गाजवीत राहिले. प्रौढांच्या संमत संबंधांपुरते ते सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्दबातल ठरविले.