लोकसंख्येचा पाठ आणि त्याचे विद्यार्थी

लोकसंख्येचा अभ्यास विद्यापीठांच्या वर्गांत विसाव्या शतकात स्थिरावला, असे सामान्यतः समजले जाते. तथापि ज्याचे परिणाम महाराष्ट्राच्या जमिनीवर उमटले असा एक वर्ग त्यापूर्वी शतकभर आधी इंग्लंडात भरत होता. कंपनी सरकारच्या मुलकी नोकरांसाठी स्थापन झालेले महाविद्यालय 1809 पासून हेलीबरी येथे होते. तेथे थॉमस माल्थस हे 1805 पासून 1834 साली मृत्यू येईपर्यंत इतिहास व अर्थशास्त्र ह्यांचे अध्यापक होते. लोकसंख्येवरील त्यांच्या 1798 च्या निबंधाची कीर्ती एवढी होती की, विद्यार्थ्यांनी त्यांना ‘पॉप’ हे टोपणनाव दिले होते.

माल्थसच्या विचारांत लोकसंख्या व जमीन ह्यांची सांगड होती. लोक वाढले की निकृष्ट जमीन लागवडीखाली येते आणि सुपीक जमिनीवर खंड उत्पन्न होतो, हा त्याचा गाभा होय. हा पाठ घेऊन मुंबई इलाख्यात आलेल्या विद्यार्थ्यांपैकी रॉबर्ट कीथ प्रिंगल हे एक होत. 1820 नंतरच्या दशकात त्यांनी पुणे जिल्ह्यात जमिनींची प्रतवारी केली, लागवडीचा खर्च वजा घालून निव्वळ उत्पन्न काढले आणि त्याच्या 55 टक्के सारा ठरविला. सिद्धान्त रेखीव होता. परंतु मोजणी सदोष निघाली, कनिष्ठ अंमलदारांनी लाच घेऊन आकडे फिरविले आणि धान्याचे भाव उतरले. साऱ्याचा बोजा असह्य होऊन रयत गावे सोडून जाऊ लागली व शेते पडीक राहिली. अखेर 1835 पासून गोल्डस्मिड व विंगेट ह्यांना इंदापूर तालुक्यात नव्याने आरंभ करावा लागला. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचे गणित सोडून जमिनीचा प्रत्यक्ष कस आणि गावाची पूर्वस्थिती ह्यांचा आधार घेतला व तीस वर्षांसाठी माफक दर बांधून दिले.

हेलीबरीचा विद्यार्थी मोजणारा होता. ज्यांची मोजणी व्हावयाची ते लोक वर्गाबाहेर होते. ही स्थिती पालटावयास दीर्घ काळ लागला. 1953 साली अमेरिकन भूगोलज्ञांच्या संघटनेपुढे अध्यक्षीय भाषण करताना ग्लेन ट्रेवार्था ह्यांनी भूगोलाच्या इतर सर्व घटकांना अर्थ येतो तो माणसाच्या संदर्भाने, असे प्रतिपादन केले आणि लोकसंख्या भूगोलास स्वतंत्र स्थान मागितले. त्यांचे विद्यार्थी गुरुदेवसिंग गोसल ह्यांनी विस्कॉन्सिन येथे भारताच्या लोकसंख्येवर प्रबंध लिहिला आणि पुढे चंदीगडच्या पंजाब विद्यापीठात ह्या विषयाची परंपरा घातली.

आता वर्गात बसणारा विद्यार्थी स्वतःच गणनेतला एक होता. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1,100 हून अधिक स्त्रिया होत्या, तर मुंबई शहरात 850 हूनही कमी. कोकणातून आलेल्या विद्यार्थ्यास ह्या दोन आकड्यांमधला दुवा पुस्तकात शोधावा लागत नाही. मुंबईस चाकरीला गेलेला बाप आणि गावी शेत सांभाळणारी आई, हाच तो दुवा होय. पण त्याच वर्गात त्याला दुसराही आकडा भेटतो. सहा वर्षांपर्यंतच्या बालकांत महाराष्ट्रात दर हजार मुलग्यांमागे 2001 साली 913 मुली होत्या. 2011 साली त्या 894 झाल्या. येथे कोणी चाकरीला गेलेले नाही. ज्या मुली जन्मासच येऊ दिल्या नाहीत, त्यांचा हा हिशेब आहे.

एकाच रीतीने काढलेल्या गुणोत्तरामागे एके ठिकाणी स्थलांतर असते, तर दुसऱ्या ठिकाणी गर्भातच झालेली निवड. आकडा आपले कारण स्वतः सांगत नाही. ते त्या त्या प्रदेशात जाऊन शोधावे लागते. प्रिंगल ह्यांच्या आकडेमोडीत हेच राहून गेले होते, आणि त्याची किंमत इंदापूरच्या रयतेने मोजली. हेलीबरीचा विद्यार्थी पाठाकडून गावाकडे आला; आजचा विद्यार्थी गावाकडून पाठाकडे येतो. त्याच्या ठायी असलेले हे गावचे ज्ञान वर्गाने वाया जाऊ देऊ नये, एवढाच ह्या इतिहासाचा बोध आहे.