दोष वैमानिकाचा की कळीचा?

यंत्र आणि तें चालविणारा मनुष्य यांचा परस्पर व्यवहार सुकर करण्याच्या विद्येस आज ‘इंटरॅक्शन डिझाइन’ म्हणतात. नांव अलीकडचें, परंतु तिचा एक मूळ धडा दुसऱ्या महायुद्धांत गिरविला गेला. अमेरिकेचें बी-१७ जातीचें बाँबफेकी विमान सुखरूप जमिनीवर उतरे, आणि मग वैमानिक पंखांच्या झडपा मिटण्याऐवजीं चाकेंच उचलून घेई! विमान पोटावर आपटे. ‘निष्काळजीपणा’ असा शेरा मारून दप्तर बांधावयास कितीसा वेळ लागतो? इ. स. १९४३ मध्यें राइट फील्ड येथील मानसशास्त्रज्ञ अल्फोन्स चपॅनिस यांनीं मात्र वैमानिकाच्या आसनासमोरची मांडणी निरखिली. चाकांची कळ आणि झडपांची कळ शेजारींशेजारीं, जणूं जुळ्या बहिणी! सी-४७ विमानांत त्या निराळ्या होत्या. तेथें हा घोटाळा होत नसे. चपॅनिस यांनीं एकीच्या टोकास लहानसें रबरी चाक बसविलें, दुसरीच्या टोकास पाचर. थकल्याभागल्या हातास अंधारांतहि स्पर्शानेंच ओळख पटूं लागली, आणि ते अपघात जवळजवळ थांबले. पुढें १९४७ सालीं फिट्स व जोन्स यांनीं ‘वैमानिकांच्या चुका’ म्हणून गणलेले ४६० प्रसंग तपासले. त्यांतील सुमारें निम्मे एका कळीऐवजीं दुसरीला हात घातल्याचे निघाले. मोठ्या प्रवासी विमानांत चाकांच्या कळीची मूठ आजहि चाकाच्याच आकाराची असते.