वरवंट्याचे टोपडे

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आणि विसाव्याच्या पूर्वार्धातील मराठी आत्मचरित्रे वाचताना आम्हाला एक गोष्ट वारंवार खटकत आली आहे. ज्या घरांत आठ-आठ, दहा-दहा बाळंतपणे झाली, त्या घरांतील कर्त्या पुरुषांनी लिहिलेल्या पानांत तान्हे बाळ जवळपास नसतेच. जन्माची तिथी येते, पुष्कळदा मृत्यूचीही येते, आणि मध्ये सांगण्याजोगे काही घडलेच नाही अशा थाटात लेखक बदलीच्या गावाकडे किंवा सभेच्या वृत्तान्ताकडे वळतो. यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की त्या काळी बाळाच्या पहिल्या वर्षाचे कोणाला काही कौतुकच नव्हते.

असा निष्कर्ष प्रत्यक्षात काढलाही गेला आहे; आपल्याकडे नव्हे, युरोपात. फिलिप आरिएस या फ्रेंच इतिहासकाराच्या १९६० सालच्या ग्रंथाने बाल्य ही कल्पनाच अर्वाचीन आहे असे प्रतिपादन केले. जी मुले जगतील की नाही याचा भरवसा नव्हता, त्यांच्यात माणसे फार जीव गुंतवीत नसत, असा त्यातील युक्तिवादाचा एक धागा होता. लिंडा पोलॉक यांनी १९८३ साली जुन्या इंग्रजी-अमेरिकन रोजनिशा तपासून त्याचा प्रतिवाद केला. त्या वादाचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. मात्र मराठीपुरते बोलायचे तर पुरावा कोठे शोधायचा, हाच मूळ प्रश्न आहे. रोजनिशी लिहिणारी आजी आपल्याकडे नव्हती. तिच्याजवळ शब्द होते, विधी होते आणि जाते होते.

आधी शब्द पाहू. नजर ठरणे, हुंकार देणे, मान धरणे, कुशीला वळणे, पालथे पडणे, पोटावर सरकणे, बसते होणे, रांगणे, धरून उभे राहणे, पाऊल टाकणे. यांतील प्रत्येक शब्दप्रयोगाला महिना ठरलेला आहे आणि तो घरातील बायकांना तोंडपाठ असतो. वस्तूंचा संसार निराळाच: कुंची, टोपडे, झबले, दुपटे, लाळेरे, वाळे, मनगट्या, बिंदल्या, पांगुळगाडा. जन्माबरोबर आलेल्या केसांना ‘जावळ’ असा वेगळा शब्द. ते एकदा उतरले की पुढे आयुष्यभर केसांना तो शब्द लागत नाही. डोक्याच्या मऊ भागाला टाळू, आणि ती रोज तेलाने ‘भरायची’. ज्या गोष्टीकडे भाषा लक्ष देत नाही, तिच्यासाठी इतके शब्द ती घडवीत नाही. (कोशकारांनी हे शब्द नोंदवले; वाङ्मयेतिहासकारांनी मात्र त्यांच्याकडे फारसे वळून पाहिलेले नाही. असो.)

विधींकडे वळताना एक भेद आरंभीच करायला हवा. गृह्यसूत्रे आणि स्मृती यांनी सांगितलेले संस्कार एका बाजूला आहेत: जातकर्म, नामकरण, चौथ्या महिन्याच्या सुमारास बाळाला घराबाहेर नेऊन सूर्यदर्शन घडविणारे निष्क्रमण, सहाव्या महिन्यातील अन्नप्राशन, पुढे चूडाकर्म. यांचा कर्ता पिता, मंत्र सांगणारा पुरोहित, आणि व्याप्ती मुख्यत्वे त्रैवर्णिकांची. मनुस्मृतीप्रमाणे मुलीचे हेच संस्कार मंत्राविना करावयाचे. दुसऱ्या बाजूला बायकांनी चालवलेले विधी आहेत. पाचवी, सटवीचे जागरण, बारशाचा पाळणा, उष्टावणाची मामाच्या हातची खीर, संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत केव्हातरी होणारे बोरन्हाण. यांत पुरोहिताचे काम नाही, आणि सटवाई तर ब्राह्मणवाड्यापासून गावकुसाबाहेरच्या वस्तीपर्यंत सगळीकडे येते. बाळाच्या पहिल्या वर्षाचा खरा इतिहास या दुसऱ्या बाजूला आहे, असे आमचे मत आहे.

सटवाई पाचव्या किंवा सहाव्या रात्री येऊन बाळाच्या कपाळी विधिलिखित लिहिते, म्हणून कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, पाट्याची पूजा करायची, दिवा तेवत ठेवायचा आणि बायकांनी रात्रभर जागायचे. हे वर्णन लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी पुष्कळदा केले आहे. त्यांच्या लेखनात एक जोड मात्र आमच्या पाहण्यात आलेली नाही. नाळ विळ्याने किंवा हाती लागेल त्या हत्याराने कापण्याच्या काळात नवजात अर्भकांचा मोठा वैरी होता धनुर्वात. नाळेच्या जखमेतून शिरलेला हा रोग बहुधा जन्मानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून दोन आठवड्यांच्या आत प्रकट होतो. बाळ आधी दूध ओढायचे थांबते, मग जबडा आवळतो, मग अंग ताठते. म्हणजे बायका ज्या रात्री जागत होत्या, त्याच रात्री जागण्यासारख्या होत्या. बाराव्या-तेराव्या दिवशी बारसे होते, तेव्हा या संकटाचा बहुतेक काळ उलटून गेलेला असतो आणि बाळाला नाव मिळते. विधी रोगाकडे पाहून ठरले असे आमचे म्हणणे नाही. तसा लेखी पुरावा मिळणे शक्यही नाही. परंतु भय आणि विधी एकाच तिथीला येतात, एवढे तरी मान्य करावे लागेल. भारतातून माता व नवजात यांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले. सटवीची पूजा त्यानंतरही चालू आहे.

बारशातील एक कृती आम्हाला सर्वांत बोलकी वाटते. बाळाला पाळण्यात घालण्याआधी घरातल्या वरवंट्याला टोपडे-कुंची घालून, त्याला बाळ म्हणून, पाळण्याच्या खालून-वरून एकीने दुसरीच्या हाती द्यायचे. दगड आधी बाळ होतो, मग बाळाची पाळी. याचा अर्थ विचारला तर बायका हसून ‘पद्धत आहे’ म्हणतात. ज्या समाजात मुले ठेवावीत तेथे राहत नव्हती, त्या समाजाने मुलाला द्यावा असा आशीर्वाद म्हणजे दगडाचे आयुष्य. धोंडू, दगडू ही नावेही आम्हाला याच कुळातील वाटतात. आधीची मुले गेलेल्या घरात पुढच्या मुलाचे नाव धोंडू, केरू, भिकू असे ठेवीत. जे टाकाऊ त्याच्यावर नजर कोण ठेवणार? गालावरची काजळाची तीटही हेच काम करते. आपल्याला ही नावे ओबडधोबड वाटतात, आणि विनोदी लेखकांनी त्यांचा यथेच्छ उपयोग करून घेतला आहे. परंतु धोंडू या नावामागे बहुधा कोणाचे तरी रिकामे झालेले पाळणे असतात.

आता जाते. साने गुरुजींनी ‘स्त्री-जीवन’मध्ये बायकांच्या ओव्या एकत्र केल्या, पुढे सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याचे मोठे काम उभे केले, गी प्वातवां आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पाने तर खेडोपाडी फिरून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. या संग्रहांत तान्ह्या बाळाच्या ओव्या ठिकठिकाणी आहेत. पाळणे नावाचा गीतप्रकार राम-कृष्णांच्या जन्माशी बांधलेला असतो. त्यातले मूल देव असते, त्याचे पालथे पडणेही लीला असते. ओवीतले मूल घरचे असते. त्याच्या वाळ्यांचा आवाज येतो, ते जात्याच्या पाळीपाशी रांगत येते, पिठात हात घालते, त्याला कोणाची दृष्ट लागली याची चौकशी होते. दळणारणीला ही ओवी पहाटेच्या अंधारात, दोन पायल्या दाणे संपेपर्यंत सुचत असे. आनंद सांगायला तिला एवढीच फुरसत होती. आमच्या मते मराठीत बाळाच्या पहिल्या वर्षाचे सर्वांत विश्वसनीय लेखन हेच, आणि ते लिहिलेले नव्हते म्हणून आपल्या अभ्यासक्रमांत ‘लोकसाहित्य’ या वेगळ्या कप्प्यात पडून राहिले.

तुलनेसाठी एक लिहिलेले उदाहरण घेऊ. चार्ल्स डार्विनने १८३९ च्या डिसेंबरात जन्मलेल्या आपल्या पहिल्या मुलाची बारीक टिपणे ठेवली होती: शिंक कधी, हसू कधी, राग कधी, आरशातले प्रतिबिंब कधी ओळखले. ती त्याने १८७७ साली ‘माइंड’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. बालमानसशास्त्राच्या इतिहासात तिला मान आहे आणि तो योग्यच आहे. डार्विनच्या दहा मुलांपैकी तीन लहानपणी गेली, त्यांतील एक मुलगी अवघ्या तीन आठवड्यांची होती. निरीक्षणाची वही आणि भय एकाच घरात नांदत होते. आपल्याकडे वहीच्या जागी सहाण होती. बाळगुटी उगाळताना वेखंडाचे किती वेढे, मुरुडशेंगेचे किती, हिरड्याचा केवढा, बदाम कोणत्या महिन्यापासून, हा हिशोब आजी बाळाच्या पोटाकडे, रंगाकडे आणि झोपेकडे पाहून रोज बदलत असे. औषध म्हणून गुटीचा कैवार घेण्याचा आमचा हेतू नाही. आजचे बालरोगतज्ज्ञ सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही देऊ नका असेच सांगतात. पण रोज सकाळी बाळाकडे इतके बारकाईने पाहणारे दुसरे साधन त्या घरात नव्हते.

भयाला आकडेही आहेत. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि ते मूल दहा दिवसच जगले. बारशाच्या आधी. १८८६ साली पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी निवडलेला विषय होता ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’. त्या निवडीचे स्पष्टीकरण शोधायला फार दूर जावे लागत नाही. पुढच्या पिढीत मुंबईच्या गिरणगावात काय होते पाहा: १९२१ साली शहरात नोंदलेला अर्भकमृत्यूचा दर हजारी साडेसहाशेहून अधिक आहे. बाळंतपणासाठी कोकणात, देशावर जाणाऱ्या बायकांच्या मुलांचे जन्म मुंबईत नोंदले जात नसत, म्हणून हा आकडा फुगलेला आहे हे खरे. पण तो वजा जाता उरते तेही भयानकच आहे. त्याच सुमारास डॉ. बार्न्स या सरकारने नेमलेल्या स्त्री डॉक्टरने गिरणीकामगार बायकांची पाहणी केली. त्यांच्या शंभरांतील अठ्ठ्याण्णव मुलांना अफू दिली जाते असे त्यांना आढळले. ‘बाळगोळी’ असे लडिवाळ नाव असलेली ही गोळी देऊन आई पाळीवर जाई. बाळ तेवढा वेळ निजून राही. जात्याची पाळी आणि गिरणीची पाळी यांतील अंतर या गोळीएवढे होते. दळणारणीचे मूल रांगत तिच्यापाशी येऊ शके; कातणारणीचे येऊ शकत नसे.

१९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूतिरजेचे विधेयक आले तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ साली कायदा झाला. त्यांच्या पाच मुलांपैकी चार बालपणीच गेली होती. धाकटा राजरत्न १९२६ साली गेला, तेव्हा त्यांनी एका स्नेह्याला लिहिलेले पत्र वाचकांनी मुळातून वाचावे. कर्त्या पुरुषांच्या ज्या मौनाविषयी आम्ही आरंभी बोललो, ते येथे फुटलेले दिसते. तेही आत्मचरित्रात नव्हे, खाजगी पत्रात.

या सगळ्यात मुलगी कोठे आहे? बायकांच्या विधींत ती पुष्कळदा मुलाच्या बरोबरीने आहे. बोरन्हाणाचे काळे झबले, हलव्याचे दागिने, डोक्यावरून ओतलेली बोरे, चुरमुरे आणि उसाचे करवे तिलाही मिळतात. पण नावात भेद आहे. धोंडू हे नाव मूल राहावे म्हणून. ‘नकुशी’ हे नाव मुली थांबाव्यात म्हणून. दोन्ही नावे वरवर सारखीच अपमानकारक, आणि हेतूने अगदी उलट. २०११ च्या ऑक्टोबरात साताऱ्यात जिल्हा प्रशासनाने अशा २८५ मुलींचे जाहीर नामांतर केले. बारशाला मिळायचे ते कोणाला दहाव्या, कोणाला पंधराव्या वर्षी मिळाले. लोकसाहित्याचा गौरव करताना आपण अभ्यासक हे दुसरे नाव सोयीने विसरतो.

गेल्या पन्नास वर्षांत पहिल्या वर्षाचे पंचांग पुन्हा लिहिले गेले आहे. १९७५ च्या २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडीत वजनकाटा आला. लसींचे वेळापत्रक दीड महिना, अडीच, साडेतीन, नऊ महिने असे टप्पे घेऊन आले, आणि आता आया ‘उष्टावण झाले का’ याच्याआधी ‘गोवराचे टोचले का’ असे विचारतात. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवले. त्या कामाचा शोधनिबंध १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. २००१ साली महाराष्ट्रातील बालमृत्यूंवरील अहवालाला त्यांनी नाव दिले ‘कोवळी पानगळ’. सरकारी आकडेवारीचे नाव कवितासंग्रहाला शोभावे असे आहे, आणि ते तसेच असायला हवे होते. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्राचा अर्भकमृत्यूदर हजारी १६ होता.

विधींचा अर्थ त्यामुळे बदलत चालला आहे. पूर्वी वर्ष पुरे झाले की जन्मतिथीला मार्कंडेय आणि इतर चिरंजीवांची पूजा करून गूळ-तीळ घातलेले दूध घेत. सरळसरळ आयुष्याची मागणी होती. आता पहिल्या वाढदिवसाला केक असतो आणि बाराही महिन्यांची छायाचित्रे दोरीवर टांगलेली असतात. त्या छायाचित्रांत मान धरलेले, पालथे पडलेले, बसलेले, उभे राहिलेले बाळ क्रमाने दिसते. मराठी घरात पाटा-वरवंटा आता सहसा नसतो. बारशाच्या दिवशी कोठून तरी तो मागून आणावा लागतो; नाहीच मिळाला तर खलातल्या बत्त्याला किंवा नारळाला टोपडे घालतात, आणि बायका तो पाळण्याखालून एकमेकींच्या हाती देतात.