शुक्रवारची सुट्टी, शनिवारची शाळा

नांदेड किंवा लातूरकडच्या नव्वदीच्या घरातल्या माणसाला शाळेच्या आठवणी विचाराव्यात. मास्तरांची छडी, पाटी, नदीवरच्या उड्या हे सगळं सांगून झालं की एक गोष्ट हमखास निघते : सुट्टी शुक्रवारी असायची. रविवारी शाळा भरायची. ऐकणाऱ्या नातवंडांना हे खोटंच वाटतं. रविवार म्हणजे सुट्टी हे त्यांच्या लेखी सूर्य पूर्वेला उगवण्याइतकं पक्कं असतं.

पण शाळेचा आठवडा आभाळातून पडत नाही. तो कुणीतरी ठरवतो. कुठल्या वारी सुट्टी, कुठल्या वारी कवायत, कुठल्या वारी परीक्षा आणि कुठल्या वारी मुलांना थोडं मोकळं सोडायचं, हे ज्याच्या हातात असतं त्याच्या हातात शाळा असते. मराठवाड्यात हा आठवडा शंभर वर्षांत इतक्या वेळा हलला आहे की नुसता वर्गातल्या वेळापत्रकाचा कागद धरून चाललं तरी इथला इतिहास बराचसा सांगता येतो.

सात दिवसांचा आठवडा शाळेत येण्याआधी पंतोजींची शाळा होती. तिथे वारापेक्षा तिथीला मान. वेदपाठशाळेत प्रतिपदा, अष्टमी हे अनध्यायाचे दिवस. पंतोजींच्या ओसरीवर धूळपाटी, मोडीचा कित्ता आणि संध्याकाळचा परवचा. पावकी, निमकी, पाउणकीपासून औटकीपर्यंत सगळं घोकून. हे शिक्षण कुणाला मिळायचं आणि कुणाला नाही, हे सांगायची गरज नाही. ओसरीच्या खाली उभं राहायचीही ज्यांना मुभा नव्हती, त्यांच्या आठवड्यात शाळा नव्हतीच.

निजामाच्या काळात सरकारी शाळा आली ती स्वतःचे शब्द घेऊन. प्राथमिक म्हणजे तहतानिया, माध्यमिक म्हणजे वस्तानिया, त्यावरची फौकानिया. तपासणीला येणारा अधिकारी मोहतमीम तालिमात. हजेरीवरची तारीख फसली सनातली, महिने आजूर, दै, बहमन, खुर्दाद. प्राथमिक वर्गात मराठी चालायची, पण वरच्या वर्गांची भाषा उर्दू. त्याच्या टोकाला १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उभं राहिलं, तेही उर्दू माध्यमाचं. उर्दूतून विज्ञान आणि वैद्यक शिकवून दाखवणारं हे विद्यापीठ म्हणजे देशी भाषेतल्या उच्च शिक्षणाचा मोठाच प्रयोग होता, हे मान्य करायला आपण फार वेळ लावला. मात्र ती देशी भाषा संस्थानातल्या बहुसंख्यांची नव्हती. मराठी, तेलुगू, कन्नड घरातलं मूल चौथीनंतर पुढे जायचं तर दुसऱ्याच्या भाषेत जाणार होतं. पुष्कळशी गेलीच नाहीत.

यावर उत्तर म्हणून खासगी शाळा निघाल्या, आणि त्या काढायला सरकारची परवानगी लागू लागली. लातूरपासून फार लांब नाही, आजच्या धाराशिव जिल्ह्यात हिप्परगा म्हणून गाव आहे. तिथे १९२१ साली राष्ट्रीय शाळा सुरू झाली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ म्हणून सगळ्या संस्थानाला माहीत झालेले व्यंकटेश खेडगीकर या शाळेत शिक्षक होते. तिथून ते मोमिनाबादला, म्हणजे अंबाजोगाईला, शाळेतच गेले आणि १९३८ मध्ये सत्याग्रहात उतरले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या आघाडीवर इतके शाळामास्तर का होते, असा प्रश्न मला पूर्वी पडायचा. आता वाटतं, वर्गात रोज कुठली भाषा चालणार आणि प्रार्थनेला काय म्हणायचं, या प्रश्नाशी मास्तरची गाठ सगळ्यात आधी पडत होती.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर फसली सन गेला, शुक्रवारची सुट्टी गेली, रविवारची आली. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. म्हणजे १९४७ साली पहिलीत बसलेल्या मुलानं मॅट्रिक होईपर्यंत दोन राज्यं पाहिली आणि विशीच्या आत तिसरं. पाठ्यपुस्तकं बदलली, नकाशे बदलले. आणि शनिवार बदलला, तो अर्ध्या दिवसाचा झाला.

या शनिवारावर मला थोडं रेंगाळायचं आहे. सकाळी साडेसातची शाळा. दप्तर हलकं. आधी कवायत, मग नखं-केसांची तपासणी, मग मैदानातले खडे वेचणं, झाडांना पाणी, मुलींनी वर्ग सारवणं (मुलींनीच का, हे विचारायची पद्धत नव्हती). शेवटचे दोन तास बालसभा. एखाद्या पोराला अध्यक्ष करायचं, दुसऱ्यानं अनुमोदन द्यायचं, तिसऱ्यानं पाठ केलेलं भाषण म्हणायचं, चौथ्यानं मध्येच विसरून रडायचं. आमच्या भागातल्या कितीतरी पुढाऱ्यांनी आणि कीर्तनकारांनी ‘अध्यक्षमहाशय’ हा शब्द पहिल्यांदा उच्चारला तो अशाच एखाद्या शनिवारी.

सरकारला किंवा शिक्षणतज्ज्ञांना नवी कल्पना सुचली की तिला जागा मिळायची ती याच दिवशी. १९३७ च्या वर्धा परिषदेतून निघालेल्या नयी तालीमचं म्हणणं असं की हातानं काम करत शिकणं हेच शिक्षण. शाळेत पोहोचेपर्यंत त्याची टकळीवरच्या सूतकताईची तासिका झाली. कोठारी आयोगानं १९६६ साली कार्यानुभवाला शिक्षणाच्या मध्यभागी ठेवलं. शाळेत त्याचे कागदी पंखे आणि खडूच्या पेट्या झाल्या. कल्पना सगळ्या आठवड्यासाठी असायची, तिला मिळायचा शनिवारचा उरलेला वेळ. सोमवार ते शुक्रवारला मात्र कुणी हात लावत नव्हतं.

तो हात लावायचा एक मोठा प्रयत्न झाला, आणि तो नांदेड-लातुरातच झाला. याची आठवण आता फारशी कुणी काढत नाही.

१९९४ साली देशात जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. शिक्षकांच्या तोंडी तो ‘डीपीईपी’. जिल्हे निवडायची मुख्य कसोटी स्त्री-साक्षरतेची होती. १९९१ च्या जनगणनेत देशाची स्त्री-साक्षरता ३९.२९ टक्के होती आणि त्याखालचे जिल्हे आधी घ्यायचे होते. पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले पाच जिल्हे आले : औरंगाबाद, परभणी, नांदेड, लातूर, उस्मानाबाद. पाचही मराठवाड्यातले. त्यातल्या लातूर आणि उस्मानाबादनं वर्षभरापूर्वीच, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीचा भूकंप सोसलेला. गणपती विसर्जनाची रात्र उलटून गेलेली आणि गावंच्या गावं मातीच्या भिंतींखाली. त्या भागातल्या कित्येक मुलांची शाळा तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये भरत होती.

या कार्यक्रमात प्रत्येक शिक्षकाला शैक्षणिक साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये मिळायचे आणि शाळेला २,००० रुपये. आज ही रक्कम हसण्यासारखी वाटेल, पण खडूच्या डब्यासाठीही वर हात पसरायची सवय असलेल्या मास्तरला पहिल्यांदाच स्वतःच्या अकलेनं खर्च करायला पैसे मिळाले होते. कार्डशीट, स्केचपेन, रबरबँड आले. बाकीचं साहित्य रानात होतंच. तुराटीचे सारखे तुकडे करून दहा-दहाच्या जुड्या बांधल्या की दशक आणि एकक हातात धरता येतात. सत्तेचाळीस म्हणजे चार जुड्या आणि सात सुट्या काड्या. त्यातून एकोणपन्नास वजा करायला सांगितलं की पोरगं आपणच म्हणतं, दोन काड्या कमी पडतात. चिंचोके, सागरगोटे, बांगड्यांचे तुकडे यांच्या पिशव्या वर्गात खिळ्यांना टांगलेल्या असायच्या. महिन्यातून एकदा केंद्रशाळेत गटसंमेलन भरायचं आणि तिथे एका शाळेची युक्ती दुसऱ्या शाळेत जायची. काही गटसंमेलनं नुसती चहा-पोह्यांची झाली, हेही खरंच.

मला यातली सगळ्यात मोलाची वाटते ती शाळेतल्या बाजाराची कल्पना. मुलांनी घरून मेथीची जुडी, लिंबं, शेंगा, चिवडा आणायचा, ओळीनं पोती अंथरून बसायचं आणि खऱ्या पैशांनी विकायचं. गावचा आठवडी बाजार हा शाळेचा जुना वैरी. बाजाराच्या दिवशी हजेरी निम्मी, आई-बापाबरोबर पोरं पाटी घेऊन गेलेली, पण ती भाजीची पाटी. बाजाराला शाळेतच जागा दिल्यावर हिशेब उलटला. फळ्यावरच्या वजाबाकीला घाबरणारी पोरगी पावणेतीन रुपयांची मेथी देऊन दहाच्या नोटेतले सव्वासात रुपये डोळ्याचं पातं लवायच्या आत परत करते, हे मास्तरला दिसलं. गणित तिला येत होतं. शाळेला ते विचारता येत नव्हतं.

भाषेचंही तसंच. मुखेड-कंधारच्या तांड्यांवरची मुलं गोरमाटी बोलतात, त्यांची भाकरी ‘बाटी’. देगलूर-बिलोलीकडे घरात तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, किनवटला गोंडी आणि कोलामी. पहिलीच्या पुस्तकातलं चित्र पाहून मूल गप्प राहिलं तर त्याला चित्र कळलं नाही की फक्त मराठी शब्द आला नाही, हे तपासणारा शिक्षक त्या वर्षांत पुष्कळ ठिकाणी तयार झाला. निजामाच्या वेळी जी तक्रार मराठी मुलाची होती, तीच आता मराठी शाळेतल्या तांड्यावरच्या मुलाची होती. आपण मात्र पहिल्या तक्रारीचा मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो आणि दुसरीला ‘विद्यार्थी अप्रगत’ म्हणतो.

याच वर्षांत, याच लातुरात, दुसरा एक आठवडा जन्माला आला होता. तो ‘लातूर पॅटर्न’ म्हणून गाजला. राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या ठिकाणी बारावीच्या मुलांकडून सराव करून घ्यायचा, चाचणी घ्यायची, चुका दाखवायच्या, पुन्हा चाचणी. मागास म्हणून हिणवलेल्या भागातली मुलं बोर्डाच्या गुणवत्ता यादीत झळकली, डॉक्टर-इंजिनिअर झाली. या पद्धतीला नाकं मुरडणाऱ्या पुण्या-मुंबईच्या लोकांचं मला कधी फार पटलं नाही. ज्याच्या घरात पुस्तकाचं कपाट नाही त्याला चाचणी हीच शिडी असते. पण ही शिडी बारावीवर थांबली नाही, ती खाली उतरत गेली. दहावी, मग नवोदयची प्रवेश परीक्षा, मग चौथीची शिष्यवृत्ती. जिल्हा परिषदेच्या शाळेतही शनिवारी सराव चाचणी आली. ज्या सकाळी बालसभा भरायची त्या सकाळी पोरं पर्यायांचे गोळे काळे करू लागली.

दोन्ही आठवडे एकाच जिल्ह्यात, कधीकधी एकाच शाळेत चालले. त्यातला कोणता टिकणार हे पालकांनी ठरवलं, आणि त्यांना दोष देता येत नाही. तुराटीच्या जुड्यांनी मुलाला गणित कळतं हे बापाला दिसत नव्हतं, शिष्यवृत्तीच्या यादीतलं नाव दिसत होतं. कार्यक्रमाची मुदत संपली, पाठोपाठ सर्व शिक्षा अभियान आलं. ५०० रुपयांच्या साहित्याबरोबर त्याच्या पावत्या, पावत्यांबरोबर नोंदवही आणि पुढे नोंदवहीचा फोटो, असं होत गेलं.

२०१० मध्ये शिक्षणहक्क कायदा लागू झाला आणि त्याबरोबर सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आला आणि फरशीवर ऑइलपेंटनं अंक, मुळाक्षरं रंगली. २०२४ मध्ये सरकारनं पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ जाहीर केला. त्यात योग, प्राणायाम, रस्ते सुरक्षा, खेळ आहेत. नव्वदच्या दशकात ‘आनंददायी’ हे विशेषण शिक्षणाला लागलं होतं. आता ते एका वाराला लागलं आहे.

दिवाळी झाली की मुखेड, कंधार, जळकोट, अहमदपूरच्या वाड्यातांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. काही गावांत मुलांसाठी हंगामी वसतिगृह सुरू होतं आणि मुलं आजीजवळ राहून तिथे जेवतात. जिथे होत नाही तिथली मुलं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्यांच्या पोत्यांवर बसून जातात. फडात तोडीला वार नसतो, गाडी लागेल तेव्हा उठायचं. ती परत येतात तेव्हा होळीही होऊन गेलेली असते. वर्गाच्या भिंतीवरचा वेळापत्रकाचा कागद तोवर एका कोपऱ्यातून सुटलेला असतो, आणि मास्तर हजेरीपटावर नावं पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतात.