करारमुक्तीची किंमत : जयपूरचे दहा हजार रुपये

हॉकीच्या क्षेत्रात एक प्रश्न पुन्हा पुन्हा उपस्थित होतो. देशाचे चांगले खेळाडू परदेशी क्लबांशी करार करून तिकडे खेळत असतात. इकडे मोठी स्पर्धा तोंडावर येते, सराव शिबिर सुरू करावयाचे असते, आणि क्लबचा हंगाम मात्र संपलेला नसतो. अशा वेळी क्लबला काही रक्कम देऊन खेळाडूला मुदतीपूर्वी मोकळे करून घ्यावे काय? फाइल अर्थविभागाकडे गेली की तेथील अधिकारी हमखास विचारतो, "या खर्चातून शासनाच्या हाती नेमके काय येणार?" प्रश्न रास्त आहे. परंतु तो अपुरा आहे, असे मला वाटते. का, ते सांगण्यासाठी वाचकांना सव्वादोनशेहून अधिक वर्षे मागे, जयपूरला न्यावे लागेल.

सन १७८३. जयपूरच्या गादीवर सवाई प्रतापसिंह होते. पुढे १७९९ मध्ये हवामहल बांधणारे ते हेच. त्या वेळी त्यांचे वय जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचे होते. राज्यापुढचा मोठा प्रश्न लष्कराचा होता. राजपुतांचे घोडदळ शौर्यात कोणाला हार जाणारे नव्हते, पण कवायती पायदळ आणि तोफखाना यांचे दिवस आले होते. अशा वेळी बेन्वा द ब्वान्य नावाचा एक परदेशी दरबारात आला. मराठी ग्रंथांतून तो डिबॉईन या नावाने भेटतो.

डिबॉईन हा सॅव्हॉय प्रांतातील शाँबेरी गावचा. जन्म १७५१ चा. फ्रान्सच्या सेवेतील आयरिश पलटणीत त्याने उमेदवारी केली, रशियाच्या बाजूने लढताना तो तुर्कांच्या कैदेत पडला, आणि पुढे मद्रासला येऊन ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत लहानसा अधिकारी झाला. बढतीची आशा दिसेना म्हणून त्याने राजीनामा दिला आणि तो उत्तरेकडे निघाला. आधी त्याने गोहदच्या राण्याला पलटणी उभारून देण्याची तयारी दाखविली होती. त्या महादजी शिंद्यांविरुद्ध वापरल्या जाणार होत्या. राण्याचा त्याच्यावर विश्वास बसला नाही, आणि बेत फुटला. मग त्याने जयपूरला प्रस्ताव दिला. दोन पलटणी युरोपीय पद्धतीने तयार करून देण्याचे ठरले.

येथे आजच्या भाषेतील 'ना-हरकत प्रमाणपत्र' आडवे आले. या कराराची वार्ता कळताच गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने डिबॉईनला परत बोलावले. वस्तुतः तो कंपनीचा नोकर उरला नव्हता. तरीही तो गेला, त्याने खुलासा दिला, आणि हेस्टिंग्जची अनुमती मिळवून जयपूरला परतला. या येण्याजाण्यात दिवस गेले, आणि तेवढ्यात दरबाराचे मत बदलले होते. पलटणींची गरज आता वाटत नव्हती. दिला शब्द मोडल्याची भरपाई म्हणून प्रतापसिंहांनी त्याला दहा हजार रुपये दिले आणि निरोप दिला.

आजच्या लेखापरीक्षकाने या रकमेपुढे काय लिहिले असते? बहुधा 'निष्फळ खर्च' असा शेरा मारला असता. पण या व्यवहारात खरे नुकसान दहा हजारांचे नव्हतेच. शब्द फिरविल्यावर भरपाई देणे ही दरबाराची सभ्यता होती, आणि ती मी दोषास्पद मानीत नाही. नुकसान झाले ते दुसरीकडे. हा मनुष्य येथून निघाल्यावर कोठे जाईल, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही.

तो महादजी शिंद्यांकडे गेला. गोहदचा बेत महादजींच्याच विरुद्ध होता. तो राग धरून बसण्याचे महादजींनी टाळले. बेत ज्याच्या डोक्यातून निघाला ते डोके आपल्याकडे असावे, असा विचार त्यांनी केला. १७८४ मध्ये करार झाला : प्रत्येकी ८५० शिपायांच्या दोन पलटणी, डिबॉईनला दरमहा १००० रुपये, आणि प्रत्येक शिपायामागे दरमहा ८ रुपये. शिपायाचा प्रत्यक्ष पगार साडेपाच रुपयांच्या आसपास असे. उरलेल्या रकमेतून साधनसामग्री व अधिकाऱ्यांचा खर्च भागवावयाचा. त्याने आणखी एक अट घातली होती : इंग्रजांविरुद्ध आपल्याला लढावयास लावू नये. महादजींनी तीही मान्य केली. त्या अटीकडे आपण पुढे येऊ.

२८ जुलै १७८७ रोजी जयपूरच्या आग्नेयेस तुंगा गावाजवळ महादजींची गाठ जयपूर व जोधपूरच्या संयुक्त फौजेशी पडली. इतिहासात ही लढाई लालसोटची म्हणून ओळखली जाते. कारण होते थकलेल्या खंडणीचे. लढाईपूर्वीच बादशाही फौजेतील सरदार महंमद बेग हमदानी महादजींना सोडून जयपूरला मिळाला होता. तो त्या दिवशी तोफेच्या गोळ्याने ठार झाला. राठोडांच्या घोडदळाचा प्रसिद्ध हल्ला डिबॉईनच्या पलटणींनी थोपवून धरला. पण लढाईनंतर, पगार थकल्यामुळे, महादजींच्या हाताखालच्या बादशाही पलटणी तोफांसह शत्रूकडे निघून गेल्या. पाटीलबावांना माघार घ्यावी लागली. त्या दिवसांत रणांगणापेक्षा हजेरीपत्रकाने त्यांचा अधिक घात केला, असेच म्हणावे लागेल.

महादजींचे मोठेपण मला यापुढच्या भागात दिसते. फितुरांना शिव्याशाप देऊन ते थांबले नाहीत. माणसे का गेली, याचे कारण त्यांनी ओळखले. डिबॉईन स्वतःही मध्यंतरी, फौज वाढविण्याचा प्रस्ताव मान्य न झाल्याने, नोकरी सोडून लखनौला व्यापारात गेला होता. १७९० च्या सुमारास महादजींनी त्याला परत बोलावले. आता पूर्ण 'कंपू' उभा राहिला, आणि त्याच्या पगारासाठी अलीगढच्या, म्हणजे त्या वेळच्या कोईलच्या, परिसरातील परगण्यांचा वसूल नेमून देण्यात आला. पगार वेळेवर मिळू लागले. २० जून १७९० रोजी, आजच्या सीकर जिल्ह्यातील पाटण येथे इस्माईल बेग आणि जयपूर-जोधपूरच्या फौजांचा पराभव झाला. १० सप्टेंबर रोजी मेडत्याला राठोडांचा. सात वर्षांपूर्वी ज्याला दहा हजार रुपये देऊन जयपूरने निरोप दिला होता, तोच या विजयांचा सेनापती होता.

येथपर्यंतची कथा मराठी वाचकाला सुखावणारी आहे. म्हणूनच पुढचा भाग सांगणे मला आवश्यक वाटते.

महादजी १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीला वारले. त्यांची छत्री तेथे आहे. डिबॉईन १७९६ मध्ये युरोपला परतला. कंपू राहिला, पण त्याच्या अधिकारपदांवर प्रामुख्याने परदेशी माणसेच होती. १८०३ मध्ये दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा गव्हर्नर जनरल वेलस्लीने जाहीरनामा काढला. शिंद्यांची नोकरी सोडून येणाऱ्या अधिकाऱ्यांच्या निर्वाहाची हमी त्यात होती. हॉकीच्या भाषेत सांगावयाचे, तर समोरच्या संघाचे खेळाडू ऐन सामन्याच्या आधी पैसे देऊन करारमुक्त करण्यात आले. अनेक अधिकारी गेले. ४ सप्टेंबर १८०३ रोजी अलीगढचा किल्ला पडला. इंग्रजांच्या तुकडीला वाट दाखविणारा ल्युकन हा शिंद्यांच्याच नोकरीतून आलेला होता. डिबॉईननंतर सेनापती झालेल्या पेराँने त्याच महिन्यात इंग्रजांचा आश्रय घेतला. एकोणीस वर्षांपूर्वी करारात मान्य केलेली ती अट आठवावी. इंग्रजांशी लढणार नाही असे ज्याने सांगूनच नोकरी धरली, त्याच्या परंपरेतील फौज इंग्रजांसमोर उभी करावी लागली, आणि तिची वरची फळी आयत्या वेळी गळाली. साधे शिपाई मात्र लासवारीपर्यंत लढत राहिले.

आता पुन्हा अर्थविभागाच्या प्रश्नाकडे वळू. जयपूरने माणसाला सोडण्यासाठी पैसे दिले. महादजींची माणसे पैसे न मिळाल्याने गेली. दौलतरावांची माणसे दुसऱ्याने पैसे देऊन नेली. या तिन्ही प्रसंगांत निर्णायक चूक अखेरच्या दिवशी झालेली नाही. ती कित्येक वर्षे आधी, करार लिहिताना आणि आपली माणसे घडविताना झालेली आहे.

ज्या जयपुरातून डिबॉईनला निरोप मिळाला, त्याच शहरातील सवाई मानसिंह स्टेडियम हे राजस्थान रॉयल्सचे घरचे मैदान ठरले, आणि २००८ मध्ये या संघाने ऑस्ट्रेलियाच्या शेन वॉर्नच्या नेतृत्वाखाली आयपीएल जिंकली. त्या स्पर्धेत परदेशी खेळाडूला त्याच्या मंडळाची ना-हरकत लागते, आणि मंडळाला मोबदलाही मिळतो. खेळाडू कोणाचा, किती दिवसांसाठी, आणि मोबदला कोणाला, हे आधीच ठरलेले असते. म्हणून तेथे धावपळ होत नाही.

तेव्हा क्लबला पैसे द्यावेत काय? स्पर्धा समोर असेल तर जरूर द्यावेत. ती रक्कम वाया गेली, असे मी म्हणणार नाही. मात्र त्याच फाइलवर आणखी दोन परिच्छेद असावेत. पुढच्या करारात देशासाठीचे दिवस आधीच राखून ठेवले आहेत काय, आणि हा खेळाडू नसला तर त्याच्या जागी उभा राहील असा दुसरा आपण घडवीत आहोत काय? हे दोन परिच्छेद कोरे असतील, तर दर चार वर्षांनी तीच फाइल, तोच शेरा आणि तोच खर्च पुन्हा समोर येणार.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणा मंडळींपैकी कोणी जयपूरला गेले, तर हवामहल पाहून झाल्यावर तुंगा-लालसोटच्या बाजूलाही एक चक्कर टाकावी. तेथे महादजी का हरले, हे आठवावे. शौर्य त्यांच्याकडे कमी नव्हते. महिन्याचा पगार महिन्याला पोहोचला नव्हता, इतकेच.