पोकरमधला 'बबल' म्हणजे काय? चिप्सचा ढीग असणारा तेव्हा दादागिरी का करतो?

परदेशातल्या ऑनलाइन पोकरच्या क्लिप्स रील्समध्ये फिरत असतात. त्यात एक प्रसंग हमखास दिसतो. टेबलावर चार जण उरलेत. सगळ्यात जास्त चिप्स असलेला खेळाडू सगळ्या चिप्स पुढे ढकलतो आणि समोरचा हातात एक्का-राजा असूनही पत्ते टाकून देतो. खाली कमेंट्स ठरलेल्या: 'घाबरट!' प्रत्यक्षात त्याचं गणित बरोबर असण्याची शक्यता बरीच आहे. ते कसं, ते बघू.

आधी स्पर्धा समजून घ्या. 'सिट अँड गो' या छोट्या स्पर्धेला ठरलेली वेळ नसते, टेबल भरलं की खेळ सुरू. समजा १० जण आहेत. प्रत्येकाने १० डॉलर भरले आणि प्रत्येकाला १,५०० चिप्स मिळाल्या. साइटचं शुल्क बाजूला ठेवलं तर बक्षिसाची रक्कम १०० डॉलर. पहिल्याला ५०, दुसऱ्याला ३०, तिसऱ्याला २०. चौथ्याला काहीच नाही. म्हणून चार जण उरतात त्या टप्प्याला 'बबल' म्हणतात. आणखी एक जण बाहेर पडला की फुगा फुटतो आणि उरलेल्या तिघांचे पैसे पक्के होतात.

आता चौघांकडे किती चिप्स आहेत ते पाहा. अ कडे ७,५००, ब आणि क कडे ३,००० प्रत्येकी, ड कडे १,५००. ब्लाइंड्स, म्हणजे दर डावाला सक्तीने लावायच्या चिप्स, १०० आणि २०० आहेत.

चिप्स म्हणजे पैसे नव्हेत

अ कडे निम्म्या चिप्स आहेत, म्हणून त्याचा वाटा ५० डॉलर होतो का? नाही. सगळ्या चिप्स जिंकल्या तरी त्याला ५० डॉलरच मिळणार, १०० नाही. मग आत्ता त्याच्या चिप्सची किंमत काय? त्यासाठी 'आयसीएम' नावाची पद्धत वापरतात. पहिलं येण्याची शक्यता चिप्सच्या प्रमाणात धरायची, मग उरलेल्यांत दुसरं येण्याची त्याच प्रमाणात, आणि असंच पुढे. (गंमत म्हणजे हे सूत्र घोड्यांच्या शर्यतीतून आलंय. डेव्हिड हार्व्हिल यांनी ते १९७३ मध्ये मांडलं, तर मेसन माल्मथ यांनी १९८७ मध्ये पोकरला लावलं.)

या हिशेबाने अ चा वाटा सुमारे ३७ डॉलर येतो, ब आणि क चा २४.३ प्रत्येकी, ड चा १४.२.

आता अ ने ऑल-इन केलं आणि निर्णय ब वर आला. ब ने कॉल करून डाव जिंकला तर त्याच्या चिप्स दुप्पट होतात, ६,०००. पण त्यांची किंमत दुप्पट होत नाही. ती २४.३ वरून फक्त ३३.६ डॉलरवर जाते. म्हणजे मिळणार सव्वानऊ, आणि हरला तर जाणार पूर्ण सव्वाचोवीस. असा कॉल परवडायचा असेल तर जिंकण्याची शक्यता साधारण ७२ टक्के हवी. ब्लाइंड्स धरल्या तर ही अट काही टक्क्यांनी सैल होते, इतकंच.

एक्का-राजा वेगवेगळ्या रंगांचे असतील तर कुठल्याही दोन पत्त्यांविरुद्ध ते सुमारे ६५ टक्के वेळा जिंकतात. म्हणजे अ पत्ते न बघता खेळतोय हे ब ला पक्कं माहीत असलं, तरी ब ने ते टाकणंच बरोबर. आता कमेंट्स पुन्हा वाचा!

मग सतावायचं कोणाला?

बहुतेकांना वाटतं सगळ्यात कमी चिप्सवाल्याला, म्हणजे ड ला. पण ड कडे गमावण्यासारखं कमी आहे. अ विरुद्ध कॉल करायला त्याला ६३ टक्केच पुरतात आणि ब्लाइंड्स त्याला खातच आहेत, त्यामुळे तो लवकरच कशावर तरी उडी मारणार. खरे कोंडीत सापडतात ते मधले दोघं. 'ड आधी बाहेर पडू दे' या आशेवर ते पत्ते टाकत राहतात आणि अ दर वेळी ३०० चिप्स उचलतो. म्हणून काही अनुभवी खेळाडूंना ड आणखी थोडा वेळ टिकला तरी चालतो. हे स्वतःपुरतं ठरवलं तर डावपेच. दुसऱ्याशी संगनमत केलं तर सरळ फसवणूक.

पण ही दादागिरी समोरचा पत्ते टाकतो तोवरच चालते. ब ने चुकून कॉल केला आणि तो हरला असं समजा. त्याच्या २४.३ डॉलरपैकी अ ला फक्त सहाच्या आसपास मिळतात. बाकीचे १८ पत्ते हातात न धरता बसलेल्या क आणि ड च्या पदरात पडतात. उलट डाव ब ने जिंकला तर अ चा वाटा ३७ वरून साडेएकोणतीसवर येतो. छोट्या रकमेच्या स्पर्धांत एक्का दिसला की कॉल करणारे भरपूर भेटतात. त्यांच्यासमोर सत्ती-दुर्रीवर ऑल-इन करणं म्हणजे तिसऱ्याचं भलं करणं. आपल्याइतक्याच चिप्स असलेला दुसरा कोणी टेबलावर असेल तर त्याच्याही वाटेला उगाच जाऊ नये.

फुकट चिप्सच्या ॲपवर तर हे काहीच लागू होत नाही. चौथं आल्याने कोणाचं नुकसानच होत नसेल, तर पत्ते टाकेल कोण?

भारतात काय?

वरचं उदाहरण डॉलरमध्ये आहे, त्याला कारण आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवणं आणि त्यांची जाहिरात करणं, दोन्हींवर त्यात बंदी आहे. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा जुना वादही या बंदीपुरता संपला. असे खेळ पुरवणाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नुसतं खेळणाऱ्याला शिक्षेची तरतूद नाही. त्यानंतर भारतातल्या मोठ्या पोकर साइट्सनी पैशांचे खेळ बंद केले. गोव्यातल्या मांडवी नदीवरचे कॅसिनो वेगळ्या, राज्याच्या कायद्याखाली चालतात. त्यामुळे 'बबल स्ट्रॅटेजी शिका, कमवा' म्हणत एखादी लिंक तुमच्या इनबॉक्समध्ये आली, तर ती पाठवणारा स्वतःच कायद्याबाहेर असण्याची शक्यता मोठी आहे.