अस्तनीतले निखारे

केसाने गळा कापणाऱ्यांची आपल्याकडे कधी वाण नव्हती. उर्दू गझलेने तर दुश्मनापेक्षा दोस्तालाच अधिक वेळा आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. म्हणूनच अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे ‘स्मायलिंग फेसेस समटाइम्स’ हे गाणे प्रथम ऐकले, तेव्हा शब्द अर्धेच कळले. पण ज्याच्याविषयी ते आहे तो माणूस ओळखीचा निघाला.

गाणे डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचे. रचले नॉर्मन व्हिटफील्ड आणि बॅरेट स्ट्राँग यांनी. हा स्ट्राँग म्हणजे ‘मनी’ हे मोटाउनचे पहिले गाजलेले गाणे गाणारा. पुढे तो पडद्याआडून शब्द पुरवू लागला. १९७१ साली ‘द टेम्प्टेशन्स’ या पाचजणांनी ते गायले, चांगले बारा मिनिटांहून लांब. मुख्य आवाज एडी केंड्रिक्सचा, उंच आणि रेशमी. त्याची स्वतंत्र तबकडी निघायची होती, तेवढ्यात केंड्रिक्सच साथीदारांना सोडून गेला. कुरबुरी जुन्याच होत्या. फसव्या मैत्रीचे गाणे गाणाऱ्यांचीच मैत्री तुटावी, हे कवीलाही सुचले नसते!

व्हिटफील्ड गप्प बसणारा नव्हता. ‘द अनडिस्प्युटेड ट्रुथ’ या आपल्या नव्या त्रिकुटाकडून त्याने तेच गाणे तीन-साडेतीन मिनिटांत बसवून घेतले. ते बिलबोर्डच्या यादीत तिसरे आले. १९७२ मध्ये फिलाडेल्फियाहून ‘ओ’जेज’ यांचे ‘बॅक स्टॅबर्स’ आले, तेही तिसऱ्याच क्रमांकापर्यंत. त्याच्या शेवटी आधीच्या गाण्याची खूण ऐकू येते.

हा विषय त्याच दोन वर्षांत एवढा का चालावा? मार्च १९७१ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया गावी काही कार्यकर्त्यांनी एफबीआयच्या कचेरीतून कागदपत्रे पळवली. कृष्णवर्णीयांच्या संघटनांत खबरे पेरले जात होते, हे त्यांतून छापून आले. शिकागोत डिसेंबर १९६९ मध्ये पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेलेला फ्रेड हॅम्प्टन अवघा एकवीस वर्षांचा होता. त्याच्या घराचा नकाशा पोचवणारा विल्यम ओ’नील त्याच्याच संघटनेत सुरक्षेचे काम पाहत असे. हे उघड झाले १९७३ मध्ये.

व्हिटफील्डने हे डोळ्यांपुढे ठेवून गाणे केले, असे माझे म्हणणे नाही. पण ऐकणाऱ्यांना ते कुठे लागले असेल, याचा अंदाज मला आहे. १९९३ च्या सुरुवातीला आमच्या मोहल्ल्यात चहाच्या टपरीवर कुणी जरा जास्त हसून सलाम केला, की म्हातारे विषय बदलून पावसापाण्याचे बोलू लागत. जानेवारी महिना होता.